बंदिवानाचे हस्तलिखित
(नंदुरबार येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



९ सप्टेंबर १९४२ रोजी याच नंदुरबारात शिरीषकुमार मेहता आणि त्यांचे बालसोबती गोळीबारात हुतात्मा झाले. ती बंदूक परकीय राजवटीची होती. परंतु राज्य स्वकीयांचे झाले, तरी सत्तेला मर्यादा आपोआप पडत नाहीत. त्या घालाव्या लागतात. याचे एक विस्मृत उदाहरण आज सांगतो.

चिनी आक्रमणाच्या काळात, १९६२ मध्ये, साम्यवादी नेते प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांना भारत संरक्षण नियमांन्वये मुंबईत स्थानबद्ध करण्यात आले. कारागृहात त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे मराठी पुस्तक लिहिले. विषय निव्वळ विज्ञानाचा! हस्तलिखित प्रकाशनासाठी पत्नीकडे पाठविण्याची अनुमती त्यांनी मागितली. शासनाने ती नाकारली, तेव्हा संझगिरी मुंबई उच्च न्यायालयात गेले. तेथे त्यांच्या बाजूने निर्णय झाला. शासनाने सर्वोच्च न्यायालयात अपील केले.

शासनाचे म्हणणे असे की, स्थानबद्धाला नियमांनी जेवढे दिले तेवढेच त्याचे. पुस्तक बाहेर पाठविण्याचा अधिकार नियमांत कोठेच नाही. ६ सप्टेंबर १९६५ रोजी न्या. सुब्बा राव यांनी हा युक्तिवाद फेटाळला. नियमांनी जे हिरावले नाही, ते बंदिवानाचेच राहते. मनाई लिहिलेली नसेल, तर अधिकाऱ्याला ती निर्माण करता येत नाही, हे त्या निर्णयाचे सार आहे. देशात तेव्हा आणीबाणी होती, हे विसरू नये.

संझगिरींचे विचार आपल्याला मान्य नसतील. पण १९७५ मध्ये आपल्याच घरांतील माणसे ‘मिसा’खाली येरवडा आणि नाशिकरोडच्या कारागृहांत गेली, तेव्हा अशाच संरक्षणाची गरज आपल्याला भासली. २८ एप्रिल १९७६ रोजी बहुमताच्या निर्णयाने न्यायालयाचे दार स्थानबद्धांना बंद झाले, एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. पुढे ४४व्या घटनादुरुस्तीने जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही अबाधित ठेवला आणि २०१७ मध्ये तो जुना निर्णय सर्वोच्च न्यायालयानेच पुसून टाकला.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील सुमारे ७६ टक्के बंदिवान कच्चे कैदी होते; त्यांचा अपराध तेव्हा सिद्ध व्हायचा होता. प्रतिपक्षाच्या बंदिवानाचा हक्क राखणे हा औदार्याचा विषय नव्हे. सत्ता पालटते, कारागृहाच्या भिंती मात्र त्याच राहतात.