मोबाईलमधील ॲप : कामाची आणि करमणुकीची
(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यान)



वखर, पाभर, कोळपे ही अवजारे आपण कामाच्या वेळी बाहेर काढतो आणि काम झाले की जागेवर ठेवतो. मोबाईलमधील ॲपचेही तसेच आहे. फोनमध्ये वीस ॲप भरून ठेवण्यापेक्षा चार-पाच निवडावीत आणि प्रत्येकाची सांगड हंगामातल्या एखाद्या कामाशी घालावी. अशा काही मोफत ॲपची माहिती आज देत आहे.

फवारणीपूर्वी ‘मेघदूत’

भारतीय हवामान विभाग, पुण्याची भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषद यांनी २०१९ मध्ये हे ॲप सुरू केले. त्यात जिल्ह्याचा पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा यांचा अंदाज मिळतो. दर मंगळवारी व शुक्रवारी पीकनिहाय कृषी सल्लाही येतो. फवारणी किंवा खताचा हप्ता देण्यापूर्वी हा अंदाज पाहावा. पाऊस सांगितला असेल तर फवारणी पुढे ढकलावी. औषध व मजुरी दोन्ही वाचतात. मात्र अंदाज जिल्ह्याचा असतो, आपल्या बांधाचा नव्हे, म्हणून आभाळाकडेही पाहावे.

विजांपासून सावध करणारे ‘दामिनी’

हे ॲपही पुण्याच्या याच संस्थेचे आहे. आपल्या सभोवती वीस ते चाळीस किलोमीटर परिसरात वीज पडत असल्यास ते इशारा देते. त्यासाठी फोनमधील लोकेशन आणि इंटरनेट चालू असावे लागते. वळवाच्या आणि परतीच्या पावसात माणसे व जनावरे दगावतात ती बहुधा झाडाखाली थांबल्यामुळे. इशारा आला की काम थांबवून पक्के घर गाठावे. उघड्या रानात अडकल्यास झाड, तारेचे कुंपण व विजेचा खांब यांपासून दूर जावे आणि पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नये.

सातबाऱ्यासाठी ‘ई-पीक पाहणी’

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याला आपल्या पिकाची नोंद स्वतः करता येते. गट क्रमांक निवडून, शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावे लागते. नोंद राहिली तर हमीभावाची खरेदी, नुकसानभरपाई व पीक विमा यांत अडचण येते. ठरवून दिलेल्या मुदतीच्या पहिल्या आठवड्यातच हे काम उरकावे. शेवटच्या दिवशी सगळ्यांची एकच गर्दी होते.

छायाचित्रावरून रोगनिदान

‘प्लांटिक्स’सारखी ॲप पानाचे छायाचित्र पाहून रोग, कीड किंवा अन्नद्रव्याची कमतरता सुचवतात. हा पहिला अंदाज समजावा. सोयाबीनची पाने पिवळी पडण्याचेच उदाहरण घ्या. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता संभवते. जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी असू शकते. पानांवर हिरवे-पिवळे चट्टे असतील तर पिवळा मोझॅक असू शकतो आणि तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो. तिन्हींचे उपाय वेगळे. म्हणून औषध विकत घेण्याआधी कृषी विज्ञान केंद्रात झाड दाखवावे किंवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या मोफत क्रमांकावर विचारावे.

थोडी करमणूकही हवी

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचे ‘मर्लिन’ हे ॲप आवाजावरून पक्षी ओळखते. भारताचा पक्षीसंच एकदा उतरवून घेतला की ते रेंज नसलेल्या रानातही चालते. हरभऱ्यात घाटेअळीसाठी आपण पक्षीथांबे लावतो. त्यावर कोतवाल येतो, साळुंकी येते की आणखी कोणी, हे मुलांना सोबत घेऊन पाहावे. मजाही येते आणि आपले मित्र पक्षी ओळखीचे होतात.

संगणकावर व फोनवर चालणारे ‘स्टेलॅरियम’ आकाशातील तारे दाखवते. जूनमध्ये आपण मृगाची वाट पाहतो, पण तेव्हा ते नक्षत्र दिसत नाही, कारण सूर्य त्याच भागात असतो. हिवाळ्यात रात्री गव्हाला पाणी देताना मात्र तेच मृग डोक्यावर असते. या ॲपमध्ये तारीख बदलून हे घरबसल्या पाहता येते.

खबरदारी

ॲप नेहमी प्ले स्टोअरमधूनच घ्यावे आणि ते कोणी प्रसिद्ध केले ते नाव वाचावे. पीएम किसानच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर ‘एपीके’ फाईल आली तर उघडू नये, मग ती ओळखीच्या क्रमांकावरून आलेली का असेना. अशा फाईलमधून फोनचा ताबा चोराकडे जातो आणि बँकेतील पीककर्जाची रक्कमही जाऊ शकते. ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितकी लवकर तक्रार, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक.

घरी गेल्यावर एवढे करा : ‘मेघदूत’ व ‘दामिनी’ घ्या, पीक पाहणीची मुदत विचारून दिनदर्शिकेवर लिहा आणि वापरात नसलेली ॲप काढून टाका. घरात मुलगा किंवा मुलगी फोन चांगला हाताळत असेल तर त्यांच्याकडून शिकून घेण्यात कमीपणा मानू नका.