ओल कुठून येते ते आधी शोधा, मग खर्च करा
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



भावाबद्दल आपण प्रत्येक बैठकीत बोलतो. आज मी ओलीबद्दल बोलणार आहे, कारण ओल हाही भावाचाच प्रश्न आहे. भारतीय कपास निगम पूर्ण हमीभाव देतं तो ८ टक्के ओलाव्यापर्यंत. त्यापुढं दर टक्क्याला भाव कापतात आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेतच नाहीत. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये ठरला. म्हणजे १२ टक्के ओलाव्याला क्विंटलमागं सुमारे ३२४ रुपये गेले.

मालेगाव, नांदगाव, येवल्याकडं आपला माल लाकडी खांबांच्या, पत्र्याच्या शेडमध्ये पडतो. शेड ओली, तर थांबायची ताकद संपली. मग मिळेल त्या भावात माल द्यावा लागतो.

ओल चार वाटांनी येते : वरून, खालून, हवेतून आणि खुद्द मालातून. वाट ओळखल्याशिवाय पैसा घालू नका. जमिनीतून ओल येत असेल, तर नवा पत्रा टाकून काय होणार?

वरची वाट सोपी. भर दुपारी आत जाऊन दार लावा. जिथून उजेड दिसेल तिथून पाणी येईल. खिळ्यांची भोकं आणि पत्र्यांचे जोड नीट पाहा.

खालची आणि हवेतली ओल ओळखायला हातभर प्लास्टिकचा कागद जमिनीवर अंथरा, कडांवर माती दाबा आणि एक दिवस-रात्र राहू द्या. कागदाच्या खालच्या अंगाला पाणी दिसलं, तर ओल जमिनीतून आहे. वरच्या अंगाला दिसलं, तर हवेतून. थंडीत पत्रा रात्री गार पडतो, आतल्या दमट हवेचं त्यावर पाणी होतं आणि पहाटे मालावर ठिबकतं. निफाडची थंडी तुम्हाला माहीत आहे. अशा वेळी लोक शेड गच्च बंद करतात आणि ओल वाढवतात. समोरासमोरच्या भिंतींत वर जाळी बसवा, हवा खेळू द्या.

जमिनीतून ओल असेल, तर शेडभोवती उताराचा चर काढा, आत मुरूम भरून जमीन वर घ्या. माल फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून.

आता लाकूड. खांबाच्या बुडाशी जाड दाभण टोचा. सहज आत गेलं तर खांब कुजला आहे. वाळवीच्या मातीच्या रेघाही शोधा. जुन्या वाड्यांतले खांब पिढ्यान्‌पिढ्या टिकले, कारण त्यांच्याखाली दगडी तळखडा असे. लाकूड मातीला लागतच नसे. आपण खांब सरळ मातीत पुरतो. कुजलेलं बूड कापून खाली दगड किंवा काँक्रीटचा ठोकळा द्या आणि खांब त्याला पट्टीनं बांधा, नाहीतर वावटळीत शेड उठेल. कापण्याआधी छपराला टेकू द्या आणि एका वेळी एकच खांब धरा.

चौथी वाट आपल्याच हातात आहे. दव उतरल्यावरच कापूस वेचा, उन्हात पसरा, मगच शेडमध्ये न्या. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. अशा वेळी भिजलेला कापूस कोरड्यात मिसळू नका. वेगळा वाळवा, वेगळा विका. ज्वारीसाठी मिठाची परीक्षा करा. काचेच्या कोरड्या बरणीत थोडी ज्वारी आणि भाजून वाळवलेलं दोन चमचे मीठ घालून हलवा. मीठ काचेला चिकटलं, तर ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर आहे. नाही चिकटलं तरी आणखी एक-दोन उन्हं द्या. साठवायला १२ टक्क्यांच्या आत हवा.

पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. ती राबवणाऱ्या बाजार समितीत ज्वारी ठेवून कर्ज मिळू शकतं. पण तिथंही माल कोरडाच लागतो.

हमीभावासाठी लढायचं आहेच. पण वजनकाट्यावर ओलीच्या नावाखाली कापायला जागा का ठेवायची? पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं प्लास्टिकची परीक्षा करून यावं आणि आपल्या शेडमध्ये ओल कोणत्या वाटेनं येते ते सांगावं. उपाय सगळे मिळून ठरवू.