छत्री कुणासाठी?



छत्रीवर बोलायचे म्हटले की पुष्कळांना हसू येते. त्यात बोलण्यासारखे काय आहे? दुकानात जावे, काळी दिसेल ती उचलावी, चार पैसे कमी करून घ्यावेत, आणि पहिल्याच पावसात कुठेतरी विसरून यावी! पण आपल्या भंडारा जिल्ह्यात वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. याच चार महिन्यांत आपली धानाची शेती उभी राहते, शाळा भरतात, आठवडी बाजारही चालू असतात. म्हणजे पावसात घरी बसण्याची सोय आपल्याला नाही. मग डोक्यावर काय घ्यावे हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही.

दुकानात गिऱ्हाईक म्हणते, "भाऊ, मजबूत छत्री दाखव." दुकानदार दहा छत्र्या पुढे टाकतो. पण छत्री घ्यायची कुणासाठी, आणि ती धरणाऱ्याच्या दुसऱ्या हातात काय असणार, हे विचारत कुणी नाही. माझ्या मते सारी निवड या दोन प्रश्नांत आहे. कापड, काड्या, मूठ हे सगळे त्याच्या मागून येते.

प्रथम सर्वांत अवघड गिऱ्हाईक घेऊ. ते बहुधा दुकानात येतच नाही. जुलै महिन्यात साकोलीपासून पवनीपर्यंत कुठल्याही बांधीकडे पाहा. दहा-बारा बाया ओळीने वाकलेल्या असतात. डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंडी, उजव्या हाताने रोवणी चालू, आणि एकेक पाऊल मागे सरकणे. दोन्ही हात गुंतलेले. या बाईला जगातली सर्वांत महाग छत्री दिली, तरी तिचा उपयोग काय? ती बांधावर ठेवावी लागेल. शिवाय उभ्या माणसाच्या डोक्यावर आणि खांद्यांवर पाऊस पडतो, तर वाकलेल्या माणसाच्या पाठीवर पडतो. तिला हवे आहे ते पाठीचे छप्पर.

जुन्या लोकांना हे चांगले कळत होते. कोकणातल्या भात लावणाऱ्यांनी इरले केले. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात पाने दाबून बसवलेली, आणि आकार उपड्या अर्ध्या होडीसारखा. डोक्यावर ठेवले की ते कमरेच्या खालपर्यंत येते आणि हात मोकळे राहतात. आपल्या शेजारी छत्तीसगडात गुराखी बांबूची रुंद खुमरी घालतात. गुरे वळताना हातात काठी असते, म्हणून त्यांचेही छप्पर डोक्यावरच बसते. आणि घोंगडीची खोळ तर महाराष्ट्रभर होती. लोकर भिजली तरी थोडीफार ऊब धरून ठेवते, हा तिचा मोठा गुण. पण भिजलेली घोंगडी वजनाला भारी होते आणि वाळायला दोन दिवस घेते, हेही खरे.

आज आपल्याकडे यांच्या जागी खताच्या पोत्याची खोळ आली आहे. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसला की झाले! फुकट मिळते, म्हणून तिला नावे ठेवत नाही. मात्र पोते आधी दोन-तीन पाण्यांतून स्वच्छ धुवावे, कारण राहिलेल्या खताने ओल्या मानेची कातडी चुरचुरते. आणि कीटकनाशक ज्यातून आले ते वेष्टन तर कोणत्याही कामाला घेऊ नये. ज्याला थोडा खर्च करता येईल त्याने जाड प्लास्टिकचा, डोक्यावर टोपी असलेला आणि पाठीवर गुडघ्यापर्यंत येणारा तुकडा घ्यावा. तो समोरून मोकळा हवा. पूर्ण बंद रेनकोट घालून वाकून काम केले, तर आतल्या घामानेच माणूस भिजतो. बाहेरच्या पाण्यापेक्षा आतले पाणी मग जास्त होते!

रोवणीच्या बाईसाठी छत्री नको म्हणण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते जिवाशी निगडित आहे. पावसाळ्यात शेतात वीज पडून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण दरवर्षी ऐकतो. छत्रीच्या दांड्यातले लोखंड विजेला ओढून आणते, असे पुष्कळ जण समजतात. म्हणून लाकडी दांड्याची छत्री घेतली की भीती नाही, असाही समज आहे. तो चुकीचा आहे. वीज पाहते ती मुख्यतः उंची आणि एकटेपणा. पाण्याने भरलेल्या सपाट बांधीत उभा असलेला माणूस हीच तिथली सर्वांत उंच वस्तू असते, आणि उघडलेली छत्री त्याला आणखी उंच करते. दांडा लाकडाचा असो की लोखंडाचा. मोहाच्या झाडाखाली जाऊन उभे राहणे तर त्याहून वाईट. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजावेत. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो. तीसच्या आत गडगडाट आला, तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे. काम सोडून पक्क्या घरात किंवा बंद टपाच्या मोटारीत जावे, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नये. काहीच जवळ नसेल तर छत्री मिटून खाली टाकावी, एकमेकांपासून दूर होऊन पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' नावाचे ॲप केले आहे. ते आसपास पडणाऱ्या विजेची सूचना देते. गावातल्या शिक्षकांनी ते आपल्या मोबाइलवर घ्यावे आणि बांधीवरच्या लोकांना निरोप पोचवावा, अशी माझी विनंती आहे.

आता खऱ्या छत्रीकडे येऊ, म्हणजे चालणाऱ्या माणसाच्या छत्रीकडे.

तिचे दोन मुख्य प्रकार: लांब आणि घडीची. घडीची छत्री नवी वाटते. पण बर्लिनच्या हान्स हाउप्ट याने खिशात मावणारी छत्री १९२८ च्या सुमारासच काढली होती. ती पिशवीत राहते, म्हणून विसरली जात नाही. बसने भंडाऱ्याला रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सोयीची. पण तिची प्रत्येक काडी दोन किंवा तीन ठिकाणी दुमडते, आणि जिथे सांधा तिथे गंज आणि जिथे गंज तिथे मोड, हे यंत्राचे शास्त्र आहे. तीन घड्यांपेक्षा दोन घड्यांची बरी, आणि दोन घड्यांपेक्षा लांब छत्री बरी, असे मी म्हणेन. शेतावरून, पांदणीतून, नाल्याच्या काठाने ज्याला चालायचे आहे त्याने लांबच घ्यावी.

काड्यांचे एक मौज वाटावी असे गुपित आहे. एके काळी युरोपात छत्रीच्या काड्या देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक हाडासारख्या पट्ट्यांच्या करीत. त्या जड असत आणि वाळून तडकत. १८५२ मध्ये सॅम्युएल फॉक्स या इंग्रज कारखानदाराने पोलादाची काडी पन्हळीसारखी वळवली. तेवढ्याने ती हलकी झाली आणि मजबूतही राहिली. शिक्षकांनी हे वर्गात दाखवावे. कागदाची पट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवा, मधे खडू ठेवला की ती लवते. तीच पट्टी लांबीत मुडपून पन्हळ करा, तोच खडू ती सहज पेलते. आपल्या घरावरचे नालीदार पत्रे याच कारणाने टिकतात. तेव्हा काडी घेताना ती बोटाने चाचपून पाहावी. पन्हळ खोल आणि पत्रा जाड हवा. अलीकडे काचतंतूच्या काड्या निघाल्या आहेत. त्यांना गंज चढत नाही आणि वाऱ्याने छत्री उलटली तरी त्या बहुधा पुन्हा सरळ होतात. ज्यांची छत्री दरवर्षी वाऱ्यानेच मोडते त्यांनी त्या घ्याव्यात. आपल्याकडे पाऊस बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांनी पुष्कळ पडतो. तो तासन्‌तास संथ पडतो. पण जूनच्या सुरुवातीची वादळी सर मात्र छत्रीची खरी परीक्षा घेते.

कापडाचे म्हणाल तर जुनी काळी सुती छत्री अजून वाईट नाही. सुताचे धागे भिजले की फुगतात आणि विणीतली भोके मिटतात, म्हणून चांगल्या घट्ट विणीचे सुती कापड पहिल्या थोड्या तुषारांनंतर पाणी धरते. मात्र भिजलेल्या कापडाला आतून बोट लावू नये. तिथूनच ठिबकायला लागते. तिची अडचण अशी, की ती जड होते, उशिरा वाळते आणि ओली मिटून ठेवली तर बुरशी धरते. नायलॉन आणि पॉलिस्टर हलके, लवकर वाळणारे. पण त्यांचे खरे काम कापडावरचा लेप करतो. लेप गेला की छत्री गेली. दुकानातून बाहेर उन्हात येऊन छत्री डोक्यावर उघडावी आणि आतून वर पाहावे. शिवणीवर टाचण्यांनी टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके दिसले, तर ती परत द्यावी. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या.

आकाराच्या बाबतीत दुकानदार इंच सांगतो, ते काडीचे असतात. २३ इंची छत्री उघडल्यावर घेर ४६ इंच भरत नाही, कारण काड्या वाकलेल्या असतात. ४० च्या आसपास भरतो. एका माणसाला ती पुरते. मूल कडेवर घेणाऱ्या आईने किंवा पाठीवर दप्तर असणाऱ्याने २५ किंवा २७ इंची घ्यावी.

आता मुलांविषयी. शाळेतले पोर छत्रीने तलवार खेळणार, हे गृहीत धरावे. म्हणून टोक बोथट हवे, काड्यांच्या टोकांवर गोळ्या हव्यात, आणि कळ दाबताच फटकन उघडणारी छत्री लहानांना देऊ नये. ती शेजारच्या मुलाच्या डोळ्यावर उघडते. रंग काळा नको. नागपूरहून रायपूरला जाणारा महामार्ग आपल्या जिल्ह्यातून, भंडारा, लाखनी, साकोलीवरून जातो, आणि त्याच्या कडेने मुले शाळेत चालत जातात. अंधारलेल्या पावसात ट्रकवाल्याला काळी छत्री दिसत नाही, पिवळी किंवा लाल लांबून दिसते. फार लहान मुलाच्या छत्रीचा एक तुकडा पारदर्शक असावा; ते छत्री डोळ्यांवर ओढून चालते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

दुचाकीवर मागे बसून छत्री उघडणे हा प्रकार मात्र आपण बंद करायलाच हवा. वारा छत्रीत शिरला की ती मागे ओढते, आणि हात छत्रीत गुंतलेला असल्याने बसणाऱ्या बाईला धरायला काही उरत नाही. दुचाकीवर रेनकोट, नाही तर थांबणे. तिसरा मार्ग नाही.

म्हाताऱ्या माणसांना छत्री आणि काठी एकातच हवी असते. आजोबांचा हा हट्ट समजण्यासारखा आहे. पण छत्रीचे लोखंडी टोक ओल्या फरशीवर घसरते, आणि पातळ दांडा अंगाचा भार घेऊन वाकतो. आकड्याच्या मुठीची, जाड दांड्याची छत्री घेऊन टोकावर रबराची टोपी बसवली तर थोडेफार निभावते. ज्यांचे पाय खरोखरच थरथरतात त्यांना काठी वेगळी द्यावी, आणि पावसात सोबतीला नातवाला पाठवावे.

उन्हाळ्याचे राहिले. नवतप्यात आपल्याकडे जी आग पडते तिच्यात छत्री पावसाइतकीच कामाची. उन्हासाठी घट्ट विणीचे गडद कापड किंवा चंदेरी लेप लावलेले कापड घ्यावे. पातळ, फिकट, फुलाफुलांचे कापड दिसायला गोड असते, पण उजेड आरपार सोडते.

एक गोष्ट मला थोडी स्पष्ट बोलायची आहे. बऱ्या लांब छत्रीला शेतमजुराच्या एखाद-दुसऱ्या दिवसाच्या मजुरीइतके पैसे पडतात, तेव्हा पुष्कळ घरांत छत्री एकच असते. ती कुणाकडे जाते? बहुधा घरधन्याकडे, कारण त्याला बाजारात आणि कचेरीत चारचौघांत जायचे असते. पावसाने अडला तर तो कुठल्याही दुकानाच्या वळचणीला उभा राहू शकतो. दिवसभर उघड्यावर भिजते ती रोवणीची बाई, आणि त्याखालोखाल शाळेतले पोर. घरात पैसे थोडे असतील तर सर्वांत जास्त वेळ जो भिजतो त्याचे छप्पर आधी घ्यावे. मग ती छत्री असो, टोपीचे प्लास्टिक असो की घोंगडी. घरधन्याची छत्री पुढच्या वर्षी आली तरी चालेल. याने काही घरांत माझ्यावर राग होईल, त्याला इलाज नाही.

आणि नवी घेण्यापूर्वी जुनी काढून पाहा. छत्री ओली असताना कधी मिटून कोपऱ्यात टाकू नये. उघडून सावलीत वाळवावी, सांध्यांवर तेलाचा एकेक थेंब सोडावा. एक काडी निसटली किंवा खटका बसत नसला म्हणून अख्खी छत्री फेकायची नसते. आठवडी बाजारात दुरुस्त करणारा पेटी घेऊन बसतो. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागते, त्या आठवड्यात त्याच्याकडे जावे. त्याला तेव्हा फुरसत असते, तो दांडा, तारा, शिवण सगळे नीट पाहून देतो. मृगाची पहिली सर पडली की त्याच्यासमोर रांग लागते, आणि मग तो नुसता तारेचा वेढा देऊन छत्री हातात ठेवतो.