आजीचे माहेर



अलीकडे आपल्या घरोघरी कुळाचा शोध सुरू झाला आहे. कोणी जुने केतुबे काढून वाचतात, कोणी कोकणातील कबरस्तानांत जाऊन दगडांवरील मराठी व हिब्रू अक्षरे उतरवून आणतात. आपल्या आडनावांनी हे काम पुष्कळ सोपे केले आहे. पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, अष्टमीचे ते अष्टमकर. परंतु आडनाव सांगते ते पित्याचे गाव. केतुब्यातही वधूच्या पित्याचेच नाव असते. आईकडील घराणे बहुधा वृद्ध स्त्रियांच्या स्मरणातच उरते.

गेल्या वर्षी माझ्या नातीला शाळेत ‘शोराशिम’चा, म्हणजे पाळेमुळे शोधण्याचा प्रकल्प होता. तिने मला विचारले, “आजी, तुझ्या आजीचं माहेर कुठलं?” परिचारिका म्हणून मी आयुष्यभर रुग्णांना त्यांच्या आई-आजीचे आजार विचारले, माझ्या आजीचे माहेर मात्र मला ठाऊक नव्हते.

आईने ते कधी सांगितले नाही, त्यास कारण होते. माझी मावशी आमच्या आधी या देशात आली. १९६२ साली तिचे लग्न ठरले. त्या काळी विवाहापूर्वी आपल्या लोकांकडे आईची, आजीची, पणजीची वंशावळ मागितली जाई. मावशीचे पत्र मुंबईस आले, त्या दिवशी आई कोणाशी बोलली नाही. पुढे समाजाने जेरुसलेममध्ये निदर्शने केली आणि १९६४ साली क्नेसेतने बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदीच असल्याचे जाहीर केले. परंतु आमच्या घरी पणजीचा विषय पुन्हा निघाला नाही.

नातीला घेऊन मी मावशीकडे गेले. तिने ऐंशी केव्हाच ओलांडली आहे. प्रश्न ऐकताच ती म्हणाली, “आता परत कोणाला पुरावा हवाय?”

मी म्हटले, “पुरावा नको, मावशी. हिला वहीत लिहायचंय.”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग नातीकडे वळून म्हणाली, “लिही. माझी आई अष्टमकरांची. तिची आई पेणकरांची. मलिदा करावा तर तिनेच.”

आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना आपण त्याच्या आईचे नाव घेतो. रुग्णालयात खाटेशेजारी उभी राहून मी ती नावे कितीदा तरी ऐकली आहेत. म्हणून माझी विनंती आहे. मुलांनो, घरातील वृद्ध स्त्रीला तिच्या आईचे व आजीचे नाव आणि माहेर आजच विचारा व लिहून ठेवा. आणि वडीलधाऱ्यांनो, पूर्वी जो प्रश्न संशयाने विचारला गेला, तोच आज नातवंडे मायेने विचारीत आहेत. त्यांना उत्तर द्या.

शालोम.