आधी गोष्ट, मग करामत
(चाकण येथील प्रार्थनासभेतील भाषण)



खेड तालुक्यातल्या वाडीवरचा, चाकणला कंत्राटी काम करणारा एक ठाकर मुलगा मला म्हणाला, "ताई, कर्ज काढून आफ्टर इफेक्ट्सचा क्लास लावू का?"

मी म्हटलं, "थांब. एडिटिंगमध्ये चित्रित केलेले तुकडे जोडून गोष्ट बनते. मोशन ग्राफिक्समध्ये कीफ्रेम लावून स्थिर चित्र हलवतात. आधी गोष्ट जोडायला शीक. दा विंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत दोन्ही शिकता येतं."

कोकणात पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीत एकेक चित्र पुढे धरून कथा सांगतात. तिथेही आधी कथाच.

त्याला कर्ज नको, सरावाला संगणक हवा. तो आपण मिळून देऊ या. प्रभू त्याच्या हातांना यश देवो.