आधी कौल, मग दान
(वर्धापनदिनानिमित्त झालेल्या भाषणाची संहिता)



शुभकार्याला हात घालण्यापूर्वी श्रींना पाकळ्या लावून कौल घेण्याची आपली पूर्वापार रीत आहे. देवापुढे आपण आधी विचारतो, मग करतो. गरिबाच्या दारी मदत घेऊन जाताना मात्र हा क्रम आपण विसरतो. मी स्वतः आरोग्यशिबिरांत वावरलो आहे. दिवसभर औषधाच्या बाटल्या वाटल्या आणि सायंकाळी समाधानाने घरी परतलो; त्या औषधाने कोणी बरे झाले की नाही, हे विचारावयास पुन्हा गेलो नाही. ती खंत आजही मनात आहे.

संस्थेचा काही निधी दुर्गम खेड्यांतील आरोग्यकार्यासाठी द्यावा, अशी सूचना पुढे आली आहे. तिचा विचार करताना गडचिरोलीचे उदाहरण डोळ्यांसमोर असावे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन मायदेशी परतले आणि १९८६ पासून त्या जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेद्वारे कार्य करू लागले. रुग्णालय कसे हवे, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतींचे भय वाटते, सोबतच्या नातलगांना राहावयास जागा नसते, असे उत्तर मिळाले. म्हणून तेथील रुग्णालय झोपडीवजा घरांचे झाले, आणि त्याला नाव लाभले ते आदिवासींच्या आराध्यदेवतेचे, माँ दंतेश्वरीचे. हाच तो लोकांचा कौल!

दुसरी गोष्ट हिशेबाची. गावोगावच्या प्रत्येक जन्ममृत्यूची तेथे नोंद ठेवली गेली. त्या नोंदींतून कळले की, हजार जन्मांमागे सुमारे ६२ अर्भके पहिल्या महिन्यातच दगावत होती. रुग्णालय दूर, वाट बिकट. मग उपचारच घरी नेण्यात आला. गावातीलच स्त्रियांना शिकवून ‘आरोग्यदूत’ करण्यात आले. बाळाचे वजन करणे, त्याला उबेत ठेवणे, आईचे दूध नीट मिळते की नाही ते पाहणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून औषध देणे, ही कामे त्या करू लागल्या. ३९ गावांतील या प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी ते प्रमाण सुमारे २५ वर आले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत अशी गृहाधारित नवजात सेवा देशभर सुरू केली.

बंधुभगिनींनो, देवस्थानच्या पै-पैशाचा हिशेब आपल्या पूर्वजांनी चोख ठेवला. दानाचा हिशेबही तसाच ठेवावयास हवा. किती रुपये दिले एवढेच नव्हे, तर किती बाळे वाचली, हेही वहीत उतरले पाहिजे. म्हणून माझी नम्र विनंती अशी की, एका दिवसाच्या शिबिराऐवजी मोजक्याच गावांची निवड करावी, तेथील मातांना प्रथम विचारावे, तेथीलच एखादीला शिकवावे आणि निदान पाच वर्षे मागे हटू नये.

श्रींचा कौल या कार्यास लाभो, हीच प्रार्थना.