घावाच्या क्षणीचा कोन



आज गोल्फच्या काठीविषयी बोलायचं आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या श्रोत्यांपुढे हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. म्हणून सुरुवात आपल्याच रानातल्या झाडापासून करतो. टेंभुर्णी, म्हणजे तेंदू. मे महिन्यात उन्हं चढायच्या आत गावंच्या गावं ज्याची पानं तोडायला निघतात, 70-70 पानांचे पुडे बांधून फळीवर नेऊन मोजून देतात, ते हे झाड. वनहक्क कायदा आणि पेसा आल्यानंतर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा या पानांचा लिलाव स्वतः करू लागल्या, हे आपण जाणताच. या तेंदूचं शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. याच डायोस्पायरॉस प्रजातीतलं दुसरं एक झाड उत्तर अमेरिकेत वाढतं, त्याला पर्सिमन म्हणतात. लाकूड घट्ट, जड आणि मार सोसणारं. विसाव्या शतकाचा बराचसा काळ गोल्फमधल्या सगळ्यांत लांब मारा करणाऱ्या काठीचा, म्हणजे ड्रायव्हरचा माथा या लाकडाचा असे. 1993 साली जर्मनीच्या बर्नहार्ड लँगरनं अमेरिकेतली मास्टर्स स्पर्धा जिंकली, तेव्हाही त्याच्या हातात पर्सिमनचा ड्रायव्हर होता. आपल्या तेंदूच्या या परदेशी भावंडानं मोठमोठ्या खेळाडूंचा मार इतकी वर्षं झेलला.

माथा पर्सिमनचा, आणि पोलादी दांडे येण्याआधी दांडा हिकरी नावाच्या अमेरिकन झाडाचा. हिकरी लवचीक आणि चिवट. आपल्याकडे त्या गुणाचं लाकूड धामणीचं. कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि धनुष्याला धामण का निवडतात, हे इथल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. ती वाकते, मोडत नाही, आणि वाकून पुन्हा सरळ होते. आज मला जे सांगायचं आहे ते सगळं या वाकण्यात आहे.

गोल्फची काठी जमिनीवर टेकवा. तिचा तळ जमिनीला सपाट लागला की दांडा जमिनीशी तिरपा उभा राहतो. हा तिरपेपणा अंशांत मोजतात. ड्रायव्हरचा दांडा लांब, म्हणून तो जास्त आडवा असतो, साधारण 58 अंशांच्या आसपास. काठ्या जसजशा आखूड होतात तसतसा दांडा उभा होत जातो, आणि जवळच्या माऱ्याच्या आखूड काठीत हा कोन 64 अंशांपर्यंत पोहोचतो. दांडा माथ्याच्या मधोमध बसवलेला नसतो, एका कडेला बसवलेला असतो. त्या कडेला आपण टाच म्हणू आणि समोरच्या मोकळ्या टोकाला चवडा.

खेळाडू चेंडूमागे काठी टेकवून उभा राहतो, तेव्हाचा कोन एक. काठी खांद्यामागून फिरवून तो चेंडूवर आणतो, तेव्हाचा कोन दुसरा. हे दोन्ही सारखे नसतात. काठी विकत घेणारा मात्र बहुतेक वेळा पहिलाच कोन पाहतो. दुकानात उभा राहतो, काठी जमिनीला टेकवतो, तळ छान सपाट बसला की पैसे देतो. तिथेच गडबड होते.

कोन बदलायची कारणं दोन. पहिलं कारण शरीरात आहे. उभं राहताना हात खांद्यांपासून सैल लोंबत असतात आणि मनगटात थोडा बाक असतो. फिरत्या काठीची ओढ लागली की हात ताणले जातात, मनगटातला बाक जातो, आणि माऱ्याच्या क्षणी मूठ सुरुवातीपेक्षा वर आलेली असते. मूठ वर आली की दांडा अधिक उभा होतो, टाच उचलली जाते आणि चवडा खाली जातो.

दुसरं कारण काठीत आहे. शेताच्या राखणीला गोफण फिरवलेल्यांना ही ओढ हाताला माहीत आहे. गोफणीतला दगड जसा बाहेर ओढतो तसाच काठीचा माथा ओढतो. हिशेब करून पाहा. माथा 200 ग्रॅमचा, वेग सेकंदाला 40 मीटर, आणि फिरण्याची त्रिज्या सव्वा मीटर धरली, तर ही ओढ 26 किलो वजनाइतकी भरते. पाव किलोही नसलेल्या माथ्याची इतकी ओढ. आता माथ्याचं वजन दांड्याच्या रेषेत नाही, ते चवड्याच्या बाजूला तीनचार सेंटिमीटर सरकलेलं आहे. ओढ लागताच ते वजन दांड्याच्या रेषेत यायला पाहतं, आणि तसं येताना दांड्याचं खालचं टोक वाकवतं. इथेही चवडा खालीच जातो.

म्हणजे दोन्ही कारणं एकाच दिशेला काम करतात. उभं राहताना जी काठी अगदी सपाट टेकलेली दिसते, ती माऱ्याच्या क्षणी चवड्यावर आलेली असते. आणि जी काठी योग्य आहे ती उभं राहताना किंचित बिघडलेली दिसते, तिचा चवडा जमिनीपासून थोडा वर असतो. नवख्याला ते खटकतं. तो मूठ वर-खाली करून तळ सपाट करायला बघतो, किंवा कारागिराकडे जाऊन काठीच बदलून घेतो, आणि मग चेंडू उजवीकडे का जातो म्हणून वर्षभर स्वतःच्या हातांना दोष देत बसतो.

चवडा खाली गेल्यानं उजव्या हातानं खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे का जावा? काठीची मारायची बाजू सरळ उभी नसते, मागे कललेली असते, म्हणून तर चेंडू हवेत उठतो. ही वर पाहणारी बाजू चवड्याकडे झुकली की वर पाहता पाहता उजवीकडेही पाहू लागते. जितकी ती मागे कललेली, तितकं हे जास्त. सात नंबरच्या लोखंडी काठीचा कल 33 अंशांच्या आसपास असतो. तिच्या कोनात दोन अंशांची चूक असेल तर 140 मीटरवर चेंडू तीन मीटरहून जास्त बाजूला पडतो. 56 अंश कललेल्या आखूड काठीची तेवढीच चूक 80 मीटरवरच चार मीटर फरक पाडते. ड्रायव्हरची बाजू जेमतेम दहा अंश कललेली, म्हणून तिथे तीच चूक 220 मीटरवरही दीड मीटरच्या आत राहते. ज्या खेळात चेंडू 10.8 सेंटिमीटरच्या भोकात घालायचा असतो, त्यात तीनचार मीटर म्हणजे फार झाले. आणि मला महत्त्वाचं वाटतं ते असं की सगळ्यांत मोठी चूक सगळ्यांत आखूड, सगळ्यांत सोप्या वाटणाऱ्या काठीत लपलेली असते.

हिकरीच्या दिवसांत हे सगळं आणखी अवघड होतं. लाकडी दांडा नुसता वाकत नसे, पीळही खात असे, आणि एकाच झाडाचे दोन दांडे सारखे निघत नसत. अमेरिकेत 1924 साली आणि ब्रिटनमध्ये 1929 साली पोलादी दांड्यांना परवानगी मिळाली, पुढे कार्बनचे दांडे आले. पीळ कमी झाला, दांडे एकसारखे झाले, पण चवड्याचं झुकणं काही संपलं नाही. वजन दांड्याच्या रेषेबाहेर आहे तोवर ते संपणारही नाही. पर्सिमनच्या माथ्याचा कोन नंतर बदलता येत नसे. भोक पाडतानाच कारागिराला तो ठरवावा लागे. कुऱ्हाडीच्या नेढ्याचा कल लोहाराला भट्टीवरच ठरवावा लागतो, तेच इथे. घडीव लोखंडी काठी मात्र शिकंज्यात धरून मानेशी अंश-दोन अंश वाकवता येते.

मग खरा कोन कळणार कसा? मारा अर्ध्या मिलिसेकंदाचा, म्हणजे सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाचा. डोळ्याला तो दिसत नाही. म्हणून खूण पाहतात. तळाला चिकटपट्टी लावायची, कडक पाटीवर चेंडू ठेवून मारायचा, आणि पट्टी कुठे घासली ते बघायचं. चवड्याकडे घासली तर कोन अधिक उभा हवा, टाचेकडे घासली तर अधिक आडवा. दुसरी रीत याहून सोपी. चेंडूच्या मागच्या बाजूला शाईची उभी रेघ ओढून मारायचं. रेघेचा ठसा काठीवर उमटतो. तो तिरपा आला की काठी किती कलली ते समोर असतं. या परीक्षेला महागडं यंत्र लागत नाही, आणि मला तीच जास्त भरवशाची वाटते.

आपल्या महाराष्ट्रातून पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिम्पिकमध्ये गोल्फ खेळला. त्याच्या काठ्या त्याच्या अंगाप्रमाणे बसवलेल्या असणार. पण भारतातल्या सगळ्याच चांगल्या खेळाडूंची सुरुवात अशी झालेली नाही. एस. एस. पी. चौरासियाचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये मैदानाची देखभाल करत. तो क्लब 1829 सालचा. तिथे दुसऱ्यांच्या पिशव्या वाहता वाहता हा मुलगा खेळ शिकला, आणि 2016 आणि 2017 अशी सलग दोन वर्षं त्यानं इंडियन ओपन जिंकली. अशी मुलं मिळेल ती काठी घेतात. काठी त्यांच्यासाठी बसवलेली नसते, तेच काठीसाठी स्वतःला वाकवतात. कुणाला ते साधतं. न साधणाऱ्यांची गणती कुठे होत नाही, आणि ते सगळे कमी गुणाचे होते असं मी तरी मानत नाही.

आपल्या जिल्ह्यांत गोल्फ नाही, पण मिळेल ते अवजार घेऊन स्वतःला वाकवणारी माणसं पुष्कळ आहेत. आठवडी बाजारातून आणलेली कुदळ साडेपाच फुटी माणसाच्या हाती जाते आणि त्याच्या पाच फुटी बायकोच्याही. कुदळीचं पातं दांड्याकडे आत झुकलेलं असतं, ते यासाठी की घावाच्या क्षणी हात पुढे आणि खाली आलेले असतात, आणि तेव्हा धार जमिनीत नीट शिरावी. पण हात किती खाली येतील हे माणसाच्या उंचीवर, वाकण्यावर आणि दांड्याच्या लांबीवर ठरतं. एकाच्या हातात नीट शिरणारी धार दुसऱ्याच्या हातात घसरते. मग तो जास्त जोर लावतो, जास्त वाकतो, आणि संध्याकाळी कंबर धरून बसतो. बांबू तोडताना तर पेऱ्याच्या वर, जमिनीलगत घाव घालायचा असतो. उभं राहून दुकानात पारखलेली कुऱ्हाड तिथे वेगळ्याच कोनात लागते.

म्हणून शेवटी दोन विनंत्या. पहिली, अवजार वापरणाऱ्यांना आणि ते घडवणाऱ्या लोहारबांधवांना. दांडा बसवताना अवजार हातात धरून नुसतं तोलून पाहू नका. ज्याचं अवजार आहे त्यालाच चार घाव घालू द्या, आणि खाच पाहा. पात्याच्या एका टोकानं लाकूड जास्त खाल्लं असेल तर दांड्याचा कोन त्याच्या अंगाला जुळलेला नाही. जुन्या अवजाराची धारही हेच सांगते. तिचा एकच कोपरा सारखा झिजत असेल, तर दुसरा दांडा घालायच्या आधी पाचर बदलून कोन थोडा फिरवून बघा.

दुसरी विनंती आश्रमशाळांतल्या आणि जिल्हा परिषद शाळांतल्या क्रीडाशिक्षकांना. हॉकीची स्टिक असो की क्रिकेटची बॅट, वर्गाला एकाच मापाची येते आणि मुलं वेगवेगळ्या उंचीची असतात. खडूची पूड लावा, मुलाला दहा वेळा मारू द्या, आणि ठसा कुठे उमटतो ते पाहा. मूल चुकतं आहे असं ठरवायच्या आधी काठी चुकते आहे का, ते एकदा तपासा.